लॅमिनेटला तेल कोण लावतं? : काउंटरटॉपसोबत आलेल्या चुकीच्या सूचनापत्रकाबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : स्वतः कापून बसवायच्या लॅमिनेट काउंटरटॉपच्या पेटीत दुसऱ्याच मालाचं सूचनापत्रक निघाल्यामुळे झालेलं नुकसान.

संदर्भ : माझ्या दोन ई-मेल आणि त्यांना आलेली तुमची दोन उत्तरं.

महोदय / महोदया,

तुमच्या दोन्ही उत्तरांत एक वाक्य जसंच्या तसं आहे : ‘कापलेला माल परत घेतला जात नाही.’ नियम म्हणून ठीक आहे. पण हा माल तुम्ही विकताच कापण्यासाठी. पेटीवर मोठ्या अक्षरांत तसं छापलेलंही आहे. मग तो न कापता त्यातली चूक ग्राहकाला कळायची कशी? हा प्रश्न मी दुसऱ्या ई-मेलमध्ये विचारला होता, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तरी तिसऱ्यांदा लिहितोय, कारण चूक नेमकी कुठे झाली ते आता मला सापडलं आहे.

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण पुढे त्याचा संबंध येतो. मी 31 वर्षं मशीन शॉपमध्ये फिटर होतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे : ड्रॉइंगमध्ये आहे तसं करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. ड्रॉइंगप्रमाणे केलेला जॉब रिजेक्ट झाला तर जाब ड्रॉइंगवाल्याला, ड्रॉइंग सोडून केलेला रिजेक्ट झाला तर आपल्याला. निवृत्त झालो तरी ही सवय काही गेलेली नाही. तुमचं पत्रक मी ड्रॉइंगसारखंच वाचलं.

फळी 2400 × 600 × 38 मिमीची. आत पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेला), वर लॅमिनेट, पुढची कड गोल वळवलेली. वजन चाळीस किलोच्या आसपास असेल. शेजाऱ्याला हाक मारल्याशिवाय हलेना. आमच्या ओट्याला 2265 मिमी लांबी हवी होती. उजवीकडे भिंत, डावं टोक मोकळं. सिंक डाव्या बाजूला, कारण नळ आणि सांडपाण्याचा पाइप दोन्ही तिथेच आहेत आणि त्यांच्यासाठी रिकामं ठेवलेलं कपाटही तिथेच.

तुमच्या पत्रकातली पायरी क्र. 5 म्हणते, फळी पालथी ठेवा, म्हणजे जिगसॉने कापताना दर्शनी बाजू खराब होणार नाही. अगदी बरोबर. जिगसॉ म्हणजे खालीवर चालणाऱ्या पात्याची विजेची करवत. तिच्या साध्या पात्याचे दात वरच्या दिशेने कापतात, त्यामुळे जी बाजू वर असते तिचे टवके उडतात. गोल करवतीचंही तेच. हातकरवत वापरली तर मात्र उलट, दर्शनी बाजू वर हवी, कारण ती ढकलताना खाली कापते. (हे पत्रकात नाही. असायला हवं होतं, पण ती माझी मुख्य तक्रार नव्हे.)

पायरी क्र. 6 मी शब्दशः देतो : ‘फळीच्या डाव्या टोकापासून 450 मिमी मोजा आणि सिंकचा कागदी साचा तिथे चिकटवा.’

मी फळी पालथी घातली, गोल कड माझ्याकडे ठेवली, डाव्या हाताला असलेल्या टोकापासून 450 मिमी मोजले. पेन्सिलीने खूण, गुण्याने (काटकोनाच्या पट्टीने) रेष, रेषेवर चिकटपट्टी, पट्टीवर पुन्हा रेष. साच्याच्या चारही कोपऱ्यांत आतल्या बाजूने 12 मिमीची भोकं पाडली, म्हणजे पातं उतरायला आणि वळायला जागा मिळते. मधला तुकडा शेवटी स्वतःच्या वजनाने खाली जाऊन कड फोडू नये म्हणून दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या. मशीन घाई न करता चालवली. 540 × 480 मिमीचा तुकडा सुटला तेव्हा कडेला टवका म्हणून कुठे नव्हता. खोटं कशाला बोलू, मी स्वतःवर खूश होतो.

मग शेजारी आणि मी फळी सुलटी केली आणि कपाटांवर ठेवली. भोक आलं उजवीकडे, तीन ड्रॉवरच्या बरोब्बर डोक्यावर.

दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग आमची सौ. म्हणाली, “म्हणजे आता भांडी ड्रॉवरमध्ये धुवायची का?”

तुमच्या लक्षात आलंच असेल. पालथ्या फळीचं डावं टोक बसवल्यावर उजवं होतं. पायरी क्र. 5 फळी पालथी करायला सांगते आणि पायरी क्र. 6 सुलट्या फळीची मापं देते. सोबतच्या आकृतीत फळी सुलटीच काढलेली आहे. ‘साचा उलटा करा’ किंवा ‘आता मापं उजव्या टोकापासून घ्या’ एवढी एक ओळ कुठेही नाही. मी पत्रक मागून पुढून, कडेच्या बारीक अक्षरांसकट वाचलंय. नाही.

मला हे आधी कळायला हवं होतं का? हो, हवं होतं. उलट ड्रॉइंग सुलट वाचण्यात माझी उमेद गेली. पण म्हणूनच पुढचा प्रश्न पडतो : ज्याने आयुष्यात कधी ड्रॉइंग पाहिलं नाही आणि पेटीवरचं ‘कोणालाही जमेल’ वाचून फळी घेतली, त्याचं काय?

मी पहिली ई-मेल पाठवली ती एवढंच कळवण्यासाठी. तुमचं उत्तर आलं की फोटोत फळी आणि भिंत यांच्यामध्ये फट दिसते, तुमची भिंत काटकोनात नाही, त्यामुळे बसवताना अडचण आली असावी.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते नाचणाऱ्याने म्हणायचं असतं. इथे अंगण माझं, आणि ते वाकडं असल्याचं नाचणारे मला सांगताहेत. भिंत वाकडी आहे, मला मान्य आहे. फळी घेण्याआधीच मी ती मोजली होती. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 60 सेंमी, दुसरीवर 80 सेंमीवर खूण केली आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं. काटकोन असता तर ते 100 सेंमी आलं असतं, 100.9 आलं. म्हणजे कोपरा एक अंशाने उघडा. फळी 600 मिमी रुंद असल्यामुळे ती आत टेकली तरी पुढच्या कडेला 11 मिमी फट राहते. फोटोत दिसते ती हीच. पण टोक कापायची पायरी तुमच्याच पत्रकात 9 वी आहे. मी 6 व्याच पायरीवर अडकलो! भिंतीप्रमाणे टोक कसं कापायचं हेही मला ठाऊक आहे : 30 मिमी व्यासाचा वायसर (वॉशर, मधे भोक असलेली चकती) घ्यायचा, त्याच्या भोकात पेन्सिल धरायची आणि वायसर भिंतीला लावून घरंगळत न्यायचा. भिंतीचा प्रत्येक फुगवटा फळीवर उतरतो. पुठ्ठ्यावर करून पाहिलंय, रेष चोख येते. कापताना पात्याची जाडी टाकाऊ बाजूने जायला हवी, हेही तुमच्या पत्रकात नाही.

आणि भिंत कितीही वाकडी असली तरी डावीकडचं भोक उजवीकडे जात नाही.

दुसऱ्या उत्तरात तुम्ही लिहिलंत : ‘आमच्या तांत्रिक विभागाने सूचनापत्रक तपासले असून ते योग्य आहे.’ हे वाचलं आणि मी पुन्हा पत्रक घेऊन बसलो. या वेळी चूक शोधायला नाही, तर हे योग्य असेल तर कशासाठी योग्य आहे हे पाहायला.

पायरी क्र. 13 : ‘सर्व बाजूंना रेषांच्या दिशेने तेलाचे तीन हात द्या. प्रत्येक हातानंतर 24 तास वाळू द्या.’

लॅमिनेटला तेल? ते मुरणार कुठे? त्या पृष्ठभागात तेल जातच नाही, वर चिकट थर बसून राहील आणि धूळ धरेल. आणि रेषा म्हणाल तर माझी फळी एकरंगी करडी आहे. काम सुरू करायच्या आदल्या रात्री ही पायरी मी वाचली होती. तेव्हा वाटलं, असेल काही पॉलिशबिलिश, शेवटी बघू. तिथेच थांबायला हवं होतं, ही माझी चूक मी मान्य करतो.

तेल लाकडाला लावतात. अखंड लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेल्या काउंटरटॉपला. आता तुमचं पत्रक लाकडी फळीसाठी लिहिलंय असं समजून पुन्हा वाचा, सगळं जागच्या जागी बसतं. लाकडी फळीच्या दोन्ही बाजू दर्शनी असतात, पुढची-मागची कड सारखीच असते. भोक चुकीच्या टोकाला आलं तर फळी उलटली की काम झालं, म्हणून साच्याबद्दल ताकीद द्यायची त्या पत्रकाला गरजच नव्हती. माझी फळी मी उलटली तर पार्टिकल बोर्ड वर येतो, आणि तशीच गोल फिरवली तर वळवलेली कड भिंतीला जाते. तुमच्या आकृतीतल्या फळीला गोल कडच नाही. चारही बाजू चौकोनी काढल्या आहेत!

म्हणजे पत्रक योग्यच आहे. पेटी चुकली.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती माझ्या भोकापेक्षा गंभीर आहे. कापलेल्या कडा पाण्यापासून बंद करायला पत्रक सांगत नाही. लाकडाच्या बाबतीत ते काम तेलाने होतं. पार्टिकल बोर्डाची उघडी कड सिंकपाशी तशीच ठेवली तर काय होतं हे बघायला मी भोकातून निघालेला तुकडाच वापरला. त्याच्या एका कडेला वॉर्निशचे दोन हात दिले, वर सिलिकॉन ओढलं, सुकू दिलं. समोरची कड कोरी ठेवली. मग एकेक कड रात्रभर दोन बोटं पाण्यात उभी केली आणि सकाळी व्हर्निअरने (बारीक मापं घ्यायच्या साधनाने) जाडी मोजली. बंद केलेली कड 38.1 मिमी. कोरी कड 42.3 मिमी, लॅमिनेटची किनार सुटून वर आलेली, आणि नखाने खरवडलं की ओल्या भाकरीसारखा भुसा हातात येत होता. एका रात्रीत एवढं. ज्यांनी तुमच्या पत्रकाप्रमाणे सगळं करून सिंक बसवलं, ज्यांचं सिंक सुदैवाने उजवीकडे होतं म्हणून भोकही बरोबर आलं, त्यांच्या ओट्याच्या आत हे सावकाश चालू असेल. त्यांना वर्ष-दोन वर्षांनी फुगवटा दिसेल आणि तेव्हा तुम्ही त्यांना ‘वापरातील निष्काळजीपणा’ असं कळवाल.

फोनवर तुमच्याकडच्या मुलीशी मी दोनदा बोललो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पण तिच्यासमोर जे लिहिलेलं होतं तेच ती वाचत होती. तिचा दोष नाही. तीही माझ्यासारखीच, दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे काम करणारी.

आता मागणी. मला त्याच मापाची आणि त्याच रंगाची दुसरी फळी द्या, आणि तिच्यासोबत लॅमिनेटच्या फळीचं पत्रक. मजुरी मागत नाही, हात माझेच होते. गेलेले दिवसही मागत नाही, जरी 19 दिवस आम्ही न्हाणीघरात भांडी घासतोय आणि त्यावरून घरात मला काय ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या पेटीवरचा बॅच क्रमांक फोटोत स्पष्ट दिसतो. त्या बॅचच्या उरलेल्या पेट्या उघडून आत कोणतं पत्रक आहे ते पाहा, आणि ज्यांनी त्या आधीच नेल्या आहेत त्यांना निदान कडा बंद करण्याबद्दल कळवा. तुमच्याकडे त्यांचे नंबर असणारच. मला रोज नव्या मालाचे संदेश येतात.

या पत्राचं उत्तर कृपा करून अशा माणसाने द्यावं, ज्याने ही फळी एकदा तरी स्वतःच्या हाताने कापली आहे. तसं कोणी नसेल तर एक फळी आणि एक जिगसॉ तांत्रिक विभागात नेऊन ठेवा, आणि पायरी क्र. 5 व 6 तिथल्याच कोणाला तरी वाचून करायला सांगा. फोटो मला पाठवा.

चुकलेली फळी आणि फुगलेला तुकडा दोन्ही जपून ठेवले आहेत. पाहायला माणूस पाठवायचा असेल तर सकाळी 10 नंतर कधीही पाठवा. फक्त येताना त्याला टेप आणायला सांगा, म्हणजे डावं टोक कोणतं हे आम्ही एकत्रच ठरवू.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व पावती क्रमांक तुमच्या तक्रार नोंदीत आहेत.)

सोबत : पावतीची प्रत, तुमच्या सूचनापत्रकाच्या दोन्ही बाजूंची प्रत (पायरी क्र. 5, 6 व 13 लाल पेनाने अधोरेखित), 6 फोटो.