दोरी सैल सोडायची वेळ

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा बाबांनी फोनवर विचारलं, "दर रविवारी तबेल्यात जाऊन तू करतेस तरी काय?" तेव्हा घाईत होते. आज नीट सांगते.

पहिले दोन महिने घोडीच्या पाठीवर बसलेच नाही. खरारा करायचा, दोरी धरून चालवायचं, खूर साफ करायचे. खूर उचलायचा तर खांद्यापासून हात हळूहळू खाली न्यायचा आणि पायाच्या नळीवर हलकंसं दाबायचं. मग घोडी भार बाकीच्या तीन पायांवर घेते आणि पाय आपणहून हातात देते. एकदा ऑफिसातली चिडचिड घेऊनच गेले आणि सरळ पाय ओढायला लागले. साडेचारशे किलोचं जनावर! तिने सगळा भार त्याच पायावर टाकला आणि कान मागे पाडून जमिनीत रोवल्यासारखी उभी राहिली. मोतद्दार काका एवढंच म्हणाले, "आधी श्वास सोडा ताई." सोडला. खांदे खाली आले, आणि थोड्या वेळाने तिने पाय दिला.

घोडा मुळात शिकाऱ्यांना भिऊन जगलेला प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळपास 350 अंशांतलं दिसतं. अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. पण माणसाचं अंग तो वाचतो. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा टाप आपटून गणितांची उत्तरं द्यायचा. 1907 साली मानसशास्त्रज्ञ ओस्कार फुंग्स्ट यांनी तपासलं, तेव्हा कळलं की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान किंचित हलायची आणि हान्स थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःला त्याचा पत्ताच नसे! हे कळल्यापासून मीटिंगच्या खोलीत शिरण्याआधी मी दाराशी क्षणभर थांबते. मी काय बोलणार आहे त्याआधी माझा चेहरा आत पोचलेला असतो.

पण खरी गोष्ट दोरीची. घोडीला मागे सरकवायचं तर दोरीवर हलका ताण द्यायचा, आणि तिने एक पाऊल मागे घेतलं की त्याच क्षणी सैल सोडायची. ती शिकते ती सुटलेल्या ताणामुळे. सोडायला उशीर केला तर आपण बरोबर वागलो हे तिला कळतच नाही. हे हाताला कळायला मला कित्येक रविवार लागले. टीममधल्या एका मुलाने रात्रभर बसून अहवाल सुधारून आणला होता आणि मी लगेच पुढची चूक दाखवली होती. त्याचा उतरलेला चेहरा मला तिथे, दोरी हातात असताना आठवला. दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली.

आणि बाबा, तुमचं कानाचं यंत्र. तुम्ही ते सकाळी तासभर लावलंत, हे आईने किती आनंदाने सांगितलं होतं. मी काय म्हटलं? "दिवसभर का नाही लावत?" त्यानंतर आठवडाभर ते डबीतच राहिलं. त्या एका तासाला मी दोरी सोडायला हवी होती. चुकलं माझं.

रविवारी तबेल्यातूनच फोन करीन. यंत्राचं काही विचारणार नाही. खरारा करताना घोडीचा एक कान माझ्याकडे असतो आणि दुसरा दाराकडे, काका येतायत का ते ऐकत. ते तुम्हा दोघांना व्हिडिओवर दाखवायचंय.

तुमची,
लेक