घड्याळ लावून शिकवा सायबर सुरक्षा

मा. संपादक,

महिन्याचा पहिला बुधवार ‘सायबर जागरूकता दिवस’ म्हणून पाळावा, अशी केंद्रीय गृह मंत्रालयाची सूचना आहे. आमच्याकडे पाळणे म्हणजे पडदा लावून स्लाइड दाखवणे. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असे मुले एका सुरात म्हणतात नि मधल्या सुट्टीची वाट पाहतात. ओटीपी सांगू नये हे फसणाऱ्यालाही ठाऊक असतेच. तरी तो सांगतो, कारण त्या घटकेला कुणीतरी त्याला घाई लावलेली असते, पोलिसांची भीती घातलेली असते. ती घाई स्लाइडवर कशी दाखवणार?

म्हणून आठवीच्या वर्गात एस्केप रूमचा, म्हणजे कोडी सोडवत ठरलेल्या वेळात बंद खोलीतून सुटण्याचा खेळ मांडला. २००७ साली जपानच्या क्योतो शहरात सुरू झालेला हा प्रकार मॉलमध्ये महाग पडतो. आमचे एक पत्र्याची पेटी, आकडे जुळवून उघडणारी तीन कुलुपे आणि चिठ्ठ्यांवर भागले. दार उघडेच होते, कुलपे फक्त पेटीला. वेळ पंचवीस मिनिटे.

पहिल्या कुलपाची किल्ली एका काल्पनिक काकांच्या वाढदिवसाच्या फोटोत होती. चार आकडी कुलपाच्या शक्यता दहा हजार. पण जन्मसाल ठेवले की जेमतेम शंभर उरतात, हा हिशेब मुलांनीच मांडला. दुसऱ्यासाठी बँकेचे खरे संकेतस्थळ ओळखायचे होते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारा पत्ता ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत घ्यायला लावला, हे त्या निमित्ताने कळले. (मलाही तयारी करतानाच कळले.)

शेवटची सहा मिनिटे उरली असताना टेबलावरचा फोन वाजला. “ऑफिसातून बोलतोय. मिळालेले आकडे सांगा, पाच मिनिटे वाढवून देतो.” चारपैकी तीन गटांनी धडाधड आकडे सांगितले आणि बाद झाले. “सर, ही चीटिंग आहे!” म्हणून वर्ग डोक्यावर घेतला. मी म्हटले, हो, हीच ती.

शेवटच्या कुलपाचा आकडा होता १९३०. सायबर फसवणुकीची तक्रार करण्याचा हा राष्ट्रीय क्रमांक. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात. फोन जितका लवकर, तितकी ते मध्येच गोठवता येण्याची शक्यता जास्त.

पुढे पालकसभेत हाच खेळ ठेवला. फोनवर सर्वांत आधी आकडे सांगणारे आजोबा बँकेतून निवृत्त झालेले निघाले.

शिक्षण विभागाने प्रत्येक केंद्राला अशी एक पेटी द्यावी. ती केंद्रातल्या सगळ्या शाळांत फिरवता येईल. चिठ्ठ्या मात्र दर वेळी बदलाव्या लागतील. आमच्या ‘अ’ तुकडीने मधल्या सुट्टीत ‘ब’ तुकडीला सगळे आकडे सांगून टाकले होते.

आपला,
एक संगणक शिक्षक, जि. सांगली