नावं ठेवणारे पुष्कळ भेटले, नाव ठेवायला तुम्ही बसलात

काका, नमस्कार.

माझं नाव कुठे लिहू नकोस असं तुम्ही दोनदा बजावलंय म्हणून नुसतं काका लिहितोय, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, कोड तपासायच्या टेस्ट लिहिल्यास का ते सांग" म्हणून विषय बदलता. इथे मध्येच तोडता येणार नाही म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही तिघं पोरं, तिघांच्या घरी द्राक्षबाग, तासगाव साइडला. बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्याने भुरी रोगाचा फोटो टाकून प्रश्न विचारला की खाली दोन कामाची उत्तरं आणि त्यावर पन्नास गुड मॉर्निंग, आणि पुढच्या ऑक्टोबर छाटणीनंतर तेच उत्तर परत हवं असलं तर शोधत बसा अंगठ्याने स्क्रीन झिजेपर्यंत. म्हणून चर्चेसाठी आपलं स्वतःचं एक छोटं सॉफ्टवेअर करायचं ठरलं, प्रश्न, खाली उत्तरं, आणि वर्षाने पण सापडलं पाहिजे. एवढंच.

पहिलं व्हर्जन आम्ही पैसे देऊन करून घेतलं, कारण तिघांनाही नोकऱ्या होत्या. त्या माणसाचं नाव घेत नाही. काम वेळेत दिलं, खोटं का बोला. पण आत उघडून बघितलं तर व्हेरिएबलची, म्हणजे कोडमध्ये माहिती ठेवायच्या डब्यांची, नावं डेटा वन, डेटा टू, फ्लॅग, न्यू फ्लॅग, न्यू फ्लॅग फायनल. आणि बाहेर स्क्रीनवर त्याने जी नावं दिली होती ती तर अजून भारी. प्रश्नाचं उत्तर मिळालं की दाबायचं बटण, त्यावर लिहिलेलं 'समाधान'. हिंदीत समाधान म्हणजे सोल्यूशन, आपल्याकडे समाधान म्हणजे समाधान. लोकांनी वाचलं, म्हणाले कोणीतरी आपल्यासाठी वेळ काढून उत्तर दिलंय, समाधान आहेच की, दिलं दाबून. दोन महिन्यात जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर हिरवी खूण! आम्ही येडे खूश, काय रिझल्ट आहे आपल्या सॉफ्टवेअरचा.

दुसरं म्हणजे 'विश्वास पातळी'. ही कल्पना डिस्कोर्स नावाच्या चर्चेच्या सॉफ्टवेअरमधून उचललेली, तिथे प्रत्येक सभासदाची ट्रस्ट लेव्हल असते ० ते ४, नवीन आलेला ० वर. पण तिथे त्या आकड्यांना माणसात आणायची नावं पण दिलीयेत, नवा सभासद, नेहमीचा, लीडर वगैरे. आमच्या माणसाने आतला आकडाच उचलून नावाशेजारी छापला. आमच्या गावातले एक आप्पा, चाळीस वर्षं बाग करतायत, त्यांनी नातवाकडून खातं उघडून घेतलं आणि नावाखाली बघतात तर 'विश्वास पातळी ०'. "माझ्यावर विश्वास शून्य व्हय?" म्हणून जे गेले ते परत येईनात. शेवटी मी घरी जाऊन चहा पिऊन आलो तेव्हा आले.

तर हे सगळं नीट करायचं म्हणून मी मदत मागत फिरलो. मी तेव्हा जिथे नोकरी करायचो तिथल्या एका सीनियरला कोड दाखवला. त्याने सतरा ठिकाणी एकच कमेंट टाकली, 'नेमिंग इम्प्रूव्ह करा'. सतरा वेळा! कसं करू ते एकदाही नाही. वर जेवताना टेबलावर चारचौघांत माझ्या फंक्शनचं नाव मोठ्याने वाचून दाखवून हशा पिकवला. दुसरे एक जाणकार ऑनलाइन भेटले, ते म्हणाले आधी बेसिक शिक मग समाजसेवा कर. तिसऱ्याने कोड न उघडताच 'एलजीटीएम', म्हणजे लुक्स गुड टू मी, लिहून पाठवलं, त्याचा तर रागही येत नाही, निदान पटकन सुटला. नावं ठेवणारे असे रांगेत भेटले, काका. नाव ठेवायला मात्र कोणी बसेना.

तुमची पहिली आठवण म्हणजे तो रविवार. मला वाटलं अर्धा तास द्याल. तुम्ही कोड वाचलाच नाही, मला मोठ्याने वाचायला लावलात. एका ठिकाणी 'इज नॉट हिडन' फॉल्स आहे का असं तपासलं होतं, तुम्ही म्हणालात आता हेच मराठीत म्हणून दाखव. मी म्हटलं, "न लपवलेलं नसेल तर..." आणि स्वतःच हसायला लागलो. तुम्ही हसला नाहीत. नुसतं म्हणालात, "लपवलेलं असेल तर, असं लिही की मग." त्या सीनियरला सतरा कमेंटमध्ये जे जमलं नाही ते एका वाक्यात. मग तुमच्या बँकेतल्या कोबॉल ह्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या गोष्टी, की कोबॉलात नावाला ३० अक्षरं मिळायची, लोक तरी दोन अक्षरी नावं ठेवायचे जसं काही पगारातून कापणार आहेत, आणि वीस वर्षांनी तो 'एक्स टू' म्हणजे काय हे शोधायला रिटायर झालेल्या माणसाच्या घरी जावं लागायचं, ते गृहस्थ बागेला पाणी घालत सांगायचे की आठवत नाही बुवा.

आणि तुम्हीच मला विपुचं सांगितलंत. मायबोली ही मराठी वेबसाइट १९९६ पासूनची, तिथे एखाद्याच्या पानावर जाऊन दोन शब्द लिहायच्या जागेला 'विचारपूस' म्हणतात, लोकांनी त्याचं 'विपु' करून टाकलं, विपुत बघा, विपु केलीये. मिसळपाव ह्या दुसऱ्या मराठी साइटवर वाचनखूण साठवली की लोक लिहितात 'वाखु साठवली'. तुम्ही म्हणालात घरातल्या पोराला जसं लाडाचं नाव पडतं तसं फीचरच्या नावाचं झालं की समजायचं बारसं बरोबर झालंय, 'विश्वास पातळी'चं लाडाचं नाव कोण ठेवणार.

आता त्या बटणावर येतो. 'समाधान' काढायचं नक्की होतं. मी 'सुटलं' लिहिलं, तर मित्र म्हणाला पोट सुटल्यासारखं वाटतंय. 'उत्तर मिळालं' लिहिलं, पण उत्तर तर मिळतंच, उपयोग झाला का ते कुठे कळतंय. 'निराकरण' तर सरकारी पत्रच वाटत होतं. तासभर असा घोळ चालला होता आणि तुम्ही एकदम विचारलंत, "फवारणी लागू पडली की तुझे वडील काय म्हणतात?" मी म्हटलं, "माहीत नाही, म्हणजे, रिझल्ट आला म्हणत असतील." तुम्ही म्हणालात अंदाज कशाला, घरातच आहेत ना, दे फोन.

अण्णा तेव्हा ओसरीवर बसून पंपाचं नोझल साफ करत होते. माझं कॉम्प्युटरचं काम म्हणजे त्यांच्या लेखी लाइट बिल वाढवायचा धंदा, आजवर त्यांनी त्याबद्दल एक प्रश्न विचारलेला नाही आणि मी पण कधी सांगत बसलो नाही. फोन कानाला लावला. तुम्ही आधी पाऊसपाण्याचं विचारलंत, कुठली व्हरायटी, यंदा बेदाणा करणार का मार्केटला देणार, आणि मग ते. अण्णा म्हणाले, "आमी म्हणतो गुण आला. पर लगेच कसं कळंल? आठ दिस थांबाय लागतंय."

संपलं. तासभर आम्ही डोकं फोडत होतो ते नोझल पुसता पुसता सुटलं.

मित्राने शंका काढलीच, की गुण म्हणजे परीक्षेचे मार्क वाटतील. तुम्ही म्हणालात मार्काचे गुण मिळतात, औषधाचा गुण येतो, क्रियापद शाबूत आहे तोवर काळजी नको. हे कोबॉलवाल्या माणसाच्या तोंडून! मग तुम्ही फोनमध्येच 'कुर्रर्र' केलंत, आत्या कोणी नाही तर मीच आत्या म्हणून. मी तेव्हा हसलो, पण तेव्हाच काहीतरी हललं आत.

आणि खरी गोष्ट पुढे झाली. नाव बदललं तर कोड पण बदलावाच लागला, कारण आधी तिथे होय की नाही असा एक फ्लॅग होता, आणि अण्णांच्या वाक्यात आठ दिवस होते. होय-नाहीत आठ दिवस कुठे बसणार. तुम्ही फ्लॅग काढायला लावून तिथे दोन तारखा ठेवायला लावल्यात, सल्ला वापरला कधी आणि गुण आला कधी. आठव्या दिवशी सॉफ्टवेअर स्वतःच विचारतं, "गुण आला का?" न्यू फ्लॅग आणि न्यू फ्लॅग फायनल, ज्यांना हात लावायला मी सहा महिने घाबरत होतो, ते त्या संध्याकाळी गेले, कोणाच्या लक्षातही आलं नाही. आता निम्म्या प्रश्नांवर पण हिरवी खूण नसते, पण जिथे आहे तिथे माणूस डोळे झाकून वाचतो.

अजून एक सांगतो, ह्याच्यासाठी मी किती रात्री घालवल्यात. लोकांची तक्रार होती की प्रश्न लिहिला की 'शीर्षक फार मोठे आहे' येतं. साधा प्रश्न, 'माझ्या बागेत भुरी आली आहे', पाच शब्द, मर्यादा ६० अक्षरांची. तुम्ही म्हणालात मोजतंय कोण ते बघ. आमचा कोड पीएचपी भाषेत, आणि तिचं लांबी मोजायचं साधं फंक्शन स्ट्रलेन अक्षरं मोजतच नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ ह्या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, काना मात्रा वेलांटी सगळं वेगळं धरून. 'भुरी' डोळ्याला दोन अक्षरं, मशीनला १२. तो पाच शब्दांचा प्रश्न ६७ भरला. चिन्हं मोजणाऱ्या एमबी स्ट्रलेनने मोजला तर २५. बनवणाऱ्याने सगळ्या टेस्ट 'हॅलो वर्ल्ड' टाकून केलेल्या, इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, त्याला दिसणार कसं. तुम्ही चिडलात ते एवढ्या एकाच वेळी. "तुझं गिऱ्हाईक काय हॅलो वर्ल्डची बाग लावणार आहे का? भुरी टाक, डाऊनी टाक, आप्पांचा प्रश्न जसाच्या तसा टाक." आता आमच्या टेस्टमध्ये आप्पांचे अकरा प्रश्न आहेत, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

पण मी हे पत्र लिहायला बसलो ते ह्यातल्या कशासाठीच नाही. बटणाचा बदल तुम्ही रात्री मर्ज केलात, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतलात, आणि मी सकाळी गिट लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, उघडला. त्या बदलाच्या नोंदीत, कमिट मेसेजमध्ये, काय बदललं ते दोन ओळीत, आणि त्याखाली एक ओळ. 'नाव सुचवलं:' आणि पुढे अण्णांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, देवनागरीत. एरवी अशा ठिकाणी को-ऑथर्ड-बाय, म्हणजे सहलेखक अमुक, असं लिहितात पण त्याला ईमेल लागतो, अण्णांना कुठला ईमेल, म्हणून तुम्ही साधं मराठीत लिहिलंत. पूर्ण नाव तुम्हाला कळलं कसं हे मी नंतर विचारलं, तर तुम्ही म्हणे त्याच फोनवर विचारून घेतलं होतं. मी शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होतो, माझ्या लक्षातही आलं नाही.

अण्णांचं नाव आजवर सातबाऱ्यावर, सोसायटीच्या कर्जखात्यात आणि घरच्या लग्नपत्रिकांवर छापलंय. मी लॅपटॉप ओसरीवर नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा आणायला लावला, वाचलं, विचारलं हे खोडता येतं का. मी सांगितलं की हे खोडलं तर ह्याच्या पुढच्या सगळ्या नोंदींचे हॅश बदलतात, ती चाळीस अक्षरी आकड्यांची ओळख असते ना ती, त्यामुळे कोणी सहज खोडत नाही. "म्हंजी फेरफारासारखं," म्हणाले. आणि परत नोझल. पण दुपारी आप्पांना फोन करून सांगताना मी ऐकलंय, "त्या मशीनमधी माझं नाव हाय."

त्या रविवारनंतर मला कळलंच नाही की इतके दिवस मी कोणापुढे कोड घेऊन फिरत होतो. ज्यांना येत होतं त्यांना वेळ नव्हता असं पण नाही, हशा पिकवायला वेळ होताच की. चांगुलपणा म्हणजे काय डोंगर उचलायचा नसतो, एसटीत कोणी सरकून बसतं तेवढाच असतो, पण सरकायचं सुचावं लागतं. तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, उलट माझा नेटपॅक संपला तेव्हा कोणीतरी रिचार्ज मारला होता, ते तुम्ही नाही असं तुम्ही म्हणताय आणि मी विश्वास ठेवत नाहीये, तुमची विश्वास पातळी ह्या बाबतीत शून्य.

बाकी, तुम्ही सांगितलेलं ते मोठं फंक्शन अजून फोडलेलं नाही. छाटणीच्या गडबडीत राहिलं, करतो, ओरडू नका. फेब्रुवारीत द्राक्षं उतरायला लागली की काकूंना घेऊन या, बेदाण्याचं शेड पण बघायचं होतं ना तुम्हाला.

आणि अण्णांचा एक निरोप आहे. त्यांचं म्हणणं, गुण आला त्याचं बटण केलंत ते चांगलं, पण गुण नाही आला तर माणसाने काय दाबायचं? त्याला पण बटण पाहिजे. त्यांनी तीन नावं सुचवलीयेत. दोन मी रिव्ह्यूला पाठवलीत. तिसरं आई घरात होती म्हणून टाइप केलं नाही, ते फोनवर सांगतो.

तुमचा,
तासगावचा पोरगा