आईच्या दातांबद्दल, ॲडव्हान्स भरायच्या आधी

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले ना, प्लास्टिकच्या कॅपने कुठं दात सरकतात होय, फसवाफसवी आहे सगळी, आणि आई मागून म्हणाली की कॅम्पमध्ये स्कॅन करून दात सरळ झालेला फोटोपण दाखवलाय, आता ॲडव्हान्स भरायचा. मी बसमध्ये होते, धड बोलता आलं नाही, म्हणून लिहून पाठवतेय. माझेच अलाईनर (म्हणजे दात सरळ करायच्या ह्याच प्लास्टिकच्या कॅप) चालू असल्यामुळे डॉक्टरांचं डोकं खाऊन खाऊन बरंच कळलंय.

बाबा, आधी तुमच्यासाठी, कारण कॅप बनवायची पद्धत म्हणजे सगळी तुमच्या टूलरूमचीच कामं आहेत. तोंडात छोटा स्कॅनर फिरवून जबड्याचं मॉडेल कॉम्प्युटरवर घेतात (पूर्वी गिळगिळीत पेस्ट भरून माप घ्यायचे, काही ठिकाणी अजून घेतात), मग कॉम्प्युटरवरच एकेक दात सुटा करतात, डॉक्टर शेवटी कुठला दात कुठं हवा ते ठरवतात आणि इथून तिथपर्यंतच्या वाटेचे टप्पे पाडतात. एका टप्प्याला एक दात साधारण ०.२५ मिलिमीटर सरकवायचा, बस. तुमच्याकडे पाव मिलिमीटर म्हणजे जॉब रिजेक्ट, इथं तेवढ्यावरच सगळं दुकान चालतं! मग प्रत्येक टप्प्याचा जबडा रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट होतो, त्यावर पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीची प्लास्टिकची शीट तापवून मऊ करून दाबाने बसवतात, गार झाली की कापून कडा पॉलिश करतात. प्रिंट केलेला जबडा नुसता साचा, तोंडात जाते ती शीट. आणि खरी गोम अशी की कॅप आत्ताच्या दातांच्या मापाची नसतेच, पुढच्या टप्प्याच्या मापाची असते. म्हणून नवीन घातली की आवळते, प्लास्टिक जरा ताणलं जातं आणि स्वतःच्या मूळ आकाराला परत यायला बघतं, तोच तो जोर.

कल्पना तशी जुनी आहे, अमेरिकेत केसलिंग नावाच्या डॉक्टरने १९४५ मध्येच रबराच्या साच्याने दात थोडे थोडे सरकवायचं लिहून ठेवलं होतं, पण प्रत्येक टप्प्याचा साचा हाताने कोण करत बसणार. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी काढली आणि ते काम कॉम्प्युटर आणि प्रिंटिंगवर टाकलं. इन्व्हिजलाइन हा अलाईनरचा ब्रँड त्याच कंपनीचा. गंमत म्हणजे दोघंही दातांचे डॉक्टर नव्हते.

आता आई, हे तू नीट वाच. दात प्लास्टिक हलवत नाही, ते फक्त ढकलतं, हलवतं आपलं हाड. दात हाडात थेट रुतलेला नसतो, मुळाभोवती चिवट तंतूंचा साधारण ०.२ मिलिमीटरचा पातळ थर असतो. कॅपने दात ढकलला की एका बाजूला तो थर दाबला जातो, तिथं हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात, दुसऱ्या बाजूला ताण पडतो तिथं नवीन हाड भरतं, आणि असं खात-भरत दात पुढं जातो. ह्याला दिवस लागतात म्हणून एकेक कॅप आठवडा-दोन आठवडे घालायची आणि दिवसाचे २०-२२ तास घालायची. घाईने जास्त जोर लावला तर तिथलं रक्तच अडतं आणि दात उलट अडून बसतो.

आणि तू आठवड्यातून एकदा उपाशीपोटी जी हाडांची गोळी घेतेस ना, अर्धा तास आडवी न होता, ती बहुतेक एलेंड्रोनेटच असणार, ती नेमकी त्याच हाड खाणाऱ्या पेशींना आवरते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून ते बरोबरच आहे, पण दात सरकायला त्याच पेशी लागतात! त्यामुळे दात फार हळू सरकू शकतात, आणि मध्येच एखादा काढावा लागला तर क्वचित जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो. म्हणून गोळी मनानेच बंद करशील तर तसं अजिबात करू नकोस, ते औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, चार आठवडे थांबून काही फरक पडत नाही आणि हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. कॅम्पमध्ये कुठली औषधं चालू आहेत हे कोणी विचारलंच नाही म्हणालीस, माझं डोकं तिथंच फिरलं.

तो फोटो म्हणजे सॉफ्टवेअरने काढलेला बेत, हमी नव्हे. गोल मुळाचे दात सहजी वळत नाहीत, माझ्या सुळ्यावर दाताच्या रंगाचा छोटा उंचवटा चिकटवलाय, कॅपला पकड मिळावी म्हणून, आणि कॅप काढताना नख घालून दाढेकडून सोडवत यावं लागतं, सुरुवातीला जाम वैताग. कॅप घालून फक्त साधं पाणी प्यायचं, गरम चहाने प्लास्टिक वाकडं होतं, हळदीने पिवळं. तुझा दिवसातून चारदा चहा, म्हणजे चारदा काढा, चूळ भरा, घाला. आणि सगळं झाल्यावरही रात्री रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारा) घालावाच लागतो, नाहीतर दात परत जुन्या जागी निघाले.

वयाचं काही नाही, साठीतही होतं, पण हिरड्या आणि हाड धड पाहिजे. वरच्या पुढच्या दातांतली फट दोनेक वर्षांतच पडलीय ना, ती हिरड्यांच्या आजाराने पडली असू शकते, मग आधी त्याची ट्रीटमेंट. तर ॲडव्हान्स भरू नका. दात सरळ करण्यातच एमडीएस (बीडीएसनंतरची पदवी) केलेल्या डॉक्टरकडे जा, ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्सरे काढा, हिरड्या दातांपासून किती खोल सुटल्यात ते मोजून घ्या आणि गोळीची पट्टी सोबत न्या. बाबा, पट्टीचा फोटो मलापण टाका, छापील नावाची बाजू, मागच्या वेळी नुसत्या गोळ्यांचीच बाजू आली होती.

तुमची,
चिऊ