बाबांचा आल्याचा रस आणि ती तेलाची बाटली

आई, बाबा,

काल फोन मधेच कट झाला आणि मुख्य बोलायचं राहूनच गेलं म्हणून लिहितेय, चष्मा लावून सावकाश वाचा. बाबा, गुडघ्यासाठी रोज सकाळी अनशापोटी वाटीभर आल्याचा रस पिऊलालासा म्हणे? चहात ठेचून घाला, आमटीत घाला, त्याला कोण नको म्हणतंय, पण तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि एवढं आलं पोटात गेलं तर त्या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शेजारच्या काकांना गुण आला असेल, ते ती गोळी घेत नाहीत. शिवाय तुम्हाला जळजळ होतेच, त्यात हे कशाला. रस बंद करा आणि पुढच्या वेळी रक्त तपासायला जाल तेव्हा डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

आता ती प्रदर्शनातून आणलेली आल्याच्या तेलाची बाटली. आल्याला जो झणका असतो ना, तो जिंजेरॉलमुळे, आणि ते काही वाफेबरोबर वर येत नाही. हे तेल वाफेवरच काढतात, म्हणजे बाटलीत मुख्यतः वास आलाय, तिखटपणा खालीच राहिला. प्यायचं तर अजिबात नाही, नुसतं अंगालाही नाही. मोठा चमचाभर खोबरेल तेलात तीन-चार थेंब, आधी मनगटाला आतून थोडं लावून बघा, लाल झालं तर सोडून द्या. नाही झालं तर आई गुडघे चोळून देईल, आणि माझं ऐकाल तर निम्मा गुण त्या चोळण्याचाच.

आई, तू चोर्ला घाटातून गोव्याला जाताना जांबोटी सोडलं की उलटीसाठी पिशवी हातात धरतेस, तेव्हा निघायच्या आधी आल्याचा छोटा तुकडा मीठ लावून चघळ, सगळ्यांना लागू पडतं असं नाही पण तुला नुकसान काही नाही. सुंठ घेतलीस तर चिमूटभरच, वाळवताना त्या जिंजेरॉलचं शोगाओल होतं, ते जास्त तिखट. आलेपाक नको, डब्यात राहिला की बाबा साखरेचा विचार न करता संपवतात.

ताईला सकाळच्या उलट्यांवर आलं चालेल, अभ्यासांत साधारण दिवसाला 1 ग्रॅम सुंठ वापरलीय, तरी तिच्या डॉक्टरबाईंना विचारूनच.

बाबा, गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॅपवर टाका, दोन्ही बाजूंचा.

तुमची,
धाकटी