गुडघ्याच्या व्यायामाची सोय तालुक्यातच हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या वापरातला कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपयांवर आला, कर वेगळा. मग जत, आटपाडीकडची शेतकरी माणसंही गुडघा बदलायला मिरजेला जाऊ लागली. मात्र डिस्चार्ज मिळाला की दवाखान्याशी संबंध उरतो तो टाके काढण्यापुरता.

गुडघा सरळ होणं आणि काटकोनात वाकणं हे पहिल्या काही आठवड्यांच्या व्यायामावर ठरतं. ते दिवस वाया गेले तर आतली जखम आखडते, आणि कधी कधी पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवावा लागतो. घरी मात्र उलटंच चालतं. माझ्या वहिनींना भेटायला आलेला जो तो म्हणे, "पाय हलवू नगं, टाकं उसवत्याल." वर मायेने गुडघ्याखाली उशी! तिने बरं वाटतं खरं, पण पाय वाकडाच राहतो. उशी टाचेखाली हवी. हे आम्हाला डिस्चार्जच्या वेळी कुणीही सांगितलं नाही. व्यायाम करून घ्यायचे तर एसटीने पुन्हा मिरज. टाके ओले असताना तो प्रवास कोण करणार?

याहून धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. जखमेतून पाणी येऊ लागलं किंवा ताप आला की गावातल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या जातात. त्याने सांध्यातला जंतुसंसर्ग झाकला जातो, निदान लांबतं. अशा वेळी आधी सर्जनलाच फोन गेला पाहिजे. पोटरी सुजून दुखू लागली तरीही तेच, कारण शिरेत गुठळी झालेली असू शकते.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून निदान दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसावा. खासगी दवाखान्यांनीही व्यायामाचा खर्च पॅकेजमध्येच धरावा आणि ऑपरेशनच्या आधीच, मांडीचे स्नायू बळकट करण्यापासून कमोडची सोय करण्यापर्यंत सगळं घरच्यांना समोर बसवून शिकवावं. घरच्यांना म्हणजे सुनेला किंवा मुलीला; ऑपरेशनच्या कागदावर सही करणारा पुरुष नंतर शेतावर असतो. सूचनांचा कागद मराठीत असावा, आणि जतच्या पूर्वेकडच्या गावांसाठी कन्नडमध्येही.

आपला,
एक वाचक, जत (जि. सांगली)