म्हातारी गेली, ससा गेला

पुणे,
रविवार रात्र

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर घाईत सांगितलं ते आज नीट लिहितो. मुक्ताला रोज नवी गोष्ट लागते, म्हणून पायथन या संगणकभाषेत एक छोटं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, लिहिलं. तोच गोष्टी जुळवतो. सोबत जेसन फाईल, म्हणजे नावं घातलेल्या याद्यांची साधी फाईल; तीच या गोष्टींचं व्याकरण. आठ पात्रं, सहा ठिकाणं, दहा संकटं, पाच शेवट. 'गोष्ट' या मूळ नियमात #पात्र#, #ठिकाण# अशा, दोन हॅशच्या (#) मधल्या, जागा ठेवल्यात. फंक्शन त्या नावाची यादी उघडतं, चिठ्ठी काढावी तसा एक पर्याय उचलतं आणि त्यातही हॅश दिसले तर स्वतःलाच पुन्हा बोलावतं. हॅशची ही पद्धत केट कॉम्प्टन यांच्या ट्रेसरी या गोष्टी रचणाऱ्या साधनातली. एवढ्याशा फाईलमधून निदान २४०० गोष्टी निघतात रे!

पहिल्याच रात्री आलं, 'एक म्हातारी जंगलात गेला. ससाने तिला पाहिलं.' मुक्ता ताडकन उठून बसली. "गेला नाही बाबा, गेली! आणि सशाने!" सहा वर्षांची पोर, तिला लिंग-विभक्ती कुणी शिकवलेली नाही.

इंग्रजीत प्राण्याचं नाव उचलून वाक्यात ठेवलं की बहुधा भागतं. आपल्याकडे नामाप्रमाणे क्रियापद फिरतं, आणि प्रत्यय लागायच्या आधी नामच रूप बदलतं. म्हणून यादीत आता नुसता 'ससा' नाही, 'ससा, सशा, पुल्लिंगी' असं लिहिलंय. तसंच 'हरिण, हरणा, नपुंसकलिंगी'. निवडलेलं पात्र फंक्शन शेवटपर्यंत धरून ठेवतं आणि गेला, गेली, गेलं यांतलं जुळेल ते घेतं. हे करताना पाणिनीची फार आठवण आली. अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रं! संगणकभाषांचे नियम लिहायच्या, संगणकतज्ज्ञ जॉन बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचंही नाव द्यावं, असं इंगरमन या संगणकतज्ज्ञांनी १९६७ साली सुचवलं होतं. मला ते अगदी पटतं.

मग पात्रानेच दुसऱ्याला गोष्ट सांगावी असा नियम घातला. गोष्टीत गोष्ट, तिच्यात आणखी एक, आणि हजाराच्या आसपास खोल गेल्यावर पायथनने हात टेकले. आता तिसऱ्या पातळीनंतर फक्त शेवटच निवडू देतो.

एक काम कर. काकूंच्या मालवणी गोष्टींतली पात्रं लिहून पाठव. तिथे 'ला' नाही, 'क' लागतो. तेव्हा प्रत्येक नावापुढे 'क' लावून काय होतं तेही काकूंच्या तोंडून ऐकूनच लिही. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अवि